सासूबाईंच्या डब्यातला शिरा

बायको माहेरी गेली की नवऱ्याचे हाल होतात, असं जे सर्रास म्हटलं जातं ते माझ्या बाबतीत साफ खोटं आहे! हे मी नमिताला विमानतळावरच ठणकावून सांगितलं होतं. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, नाशिकला मोतीबिंदूचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. ते उरकायचं आणि येताना त्यांना सोबत दोह्याला घेऊन यायचं, असा बेत होता. नोव्हेंबरात वर्ल्ड कप. एकदा ती गर्दी सुरू झाली की कुणाला बोलावण्यात अर्थ नाही, त्याआधी आईचं कतार बघून होऊ दे, असं तिचं म्हणणं.

"तू निर्धास्त जा," मी म्हणालो. "घर असं चालवीन की परत आल्यावर तुला वाटेल, आपण उगाच आलो!"

"ते मला आत्ताही वाटतंय," नमिता म्हणाली. "बाकी काय वाटेल ते कर. पण आईच्या डब्याला हात लावायचा नाही. ती आल्या आल्या आधी तो डबा बघणार."

हा डबा म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पितळी, कडीचा, चांगला चार शेर लाडू मावतील एवढा. झाकणावर 'सौ. जयमाला अनंतराव देवचके' असं ठसठशीत नाव कोरलेलं. सासूबाईंना तो त्यांच्या मामांनी लग्नात दिला आणि आमच्या लग्नात त्यांनी तो नमिताला दिला. दिला म्हणजे सांभाळायला दिला! सासूबाई नाशिकच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ते शाळेपुरतंच. फोनवर आधी डब्याची चौकशी, मग मुलीची, आणि रेंज उरलीच तर माझी. थोडक्यात, त्या डब्याला काही झालं असतं तर या घरात मी पाहुणा आणि सासूबाई यजमान अशी परिस्थिती आली असती.

आम्ही राहतो अल अझीझियाला. नमिता वाणसामान आणते ते लांबच्या इंडियन सुपरमार्केटमधून. पण वर्ल्ड कपच्या तयारीत तिकडचे सगळे रस्ते खणलेले. मी स्वतः रस्त्यांवरच्या पाट्या बसवणाऱ्या कंपनीत आहे, म्हणजे तिकडे जाताना लागणाऱ्या सगळ्या 'डायव्हर्जन'च्या पाट्या आमच्याच! पहिल्याच शनिवारी मी माझ्याच पाट्यांच्या मागे मागे गेलो आणि तासाभराने पुन्हा आमच्याच बिल्डिंगसमोर निघालो. त्या क्षणी मी ठरवलं, इंडियन सुपरमार्केट खलास! कोपऱ्यावर हमीदचं तुर्की दुकान आहे. मराठी माणसाला जगायला जे जे लागतं ते तिथे मिळवून दाखवतो!

आणि खरंच मिळालं. बारीक रवा होता, दलिया होता, चणे होते, मसूर होती. दही तर बादलीत! अक्षरशः कडीची बादली. पनीर नव्हतं, पण मिठाच्या पाण्यात बुडवलेलं पांढरं चीज होतं. ते मी मटारात घातलं. भाजी अशी खारट झाली की दोन दिवस मी नुसतं दही खाऊन होतो. पण तेही तिथलंच, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलंच. वाळवलेली वांगी आणि मिरच्या दाराला तोरणासारख्या टांगलेल्या, ऑलिव्हचे ढीग, कोपऱ्यात चहाची किटली आणि भिंतीवर सतत ओरडणारा टीव्ही.

हमीद माझ्याच वयाचा. मिशा झुपकेदार, पोट त्याहून झुपकेदार. मला 'अबी' म्हणायचा, म्हणजे दादा. आमचं बोलणं चाले मोडक्या इंग्रजीत, त्यात थोडं अरबी, बाकी सगळे हातवारे. तुमच्या सोयीसाठी मी ते मराठीत देतो.

एक दिवस त्याने मला काचेचा वाडगा दिला. आपल्या खिरीसारखा पदार्थ, त्यात गहू, चणे, जर्दाळू, मनुका, डाळिंबाचे दाणे, सगळं एकत्र. "मोहरमचा महिना आहे," तो म्हणाला. "बायको करते. सगळ्या शेजाऱ्यांना वाटायचं असतं. वाडगा सावकाश आण."

खीर झकास होती. प्रश्न वाडग्याचा होता. वाडगा रिकामा परत कसा द्यायचा? आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. मी विचार केला, आपण काही कमी नाही. शिरा करू! सत्यनारायणाच्या प्रसादाचा, केळं घातलेला, साजूक तुपातला शिरा. तुर्कांनाही कळू दे!

रवा, तूप, साखर, सगळं हमीदकडूनच घेतलं. गंमत म्हणजे, रव्याचं पाकीट उचललं तेव्हाच तो माझ्याकडे जरा निरखून बघायला लागला. मी म्हटलं, ग्राहक दर्दी आहे हे त्याने ओळखलं.

शिऱ्याचं प्रमाण मला माहीत नव्हतं. पाकिटावर सगळं तुर्कीत. मी अख्खं पाकीट ओतलं! रवा फुगतो, हे सामान्यज्ञान मला पातेल्यातून रवा बाहेर यायला लागल्यावर झालं. हमीदचा वाडगा भरला. आमच्या चार वाट्या भरल्या. कुकर भरला. तरी शिरा शिल्लक! आणि समोर फळीवर चकाकणारा तो डबा.

हात लावायचा नाही असं नमिता म्हणाली होती. पण हात न लावता शिरा भरायचा कसा, हे ती म्हणाली नव्हती! शिवाय दहा मिनिटांचा तर प्रश्न. दुकानात जायचं, डबा रिकामा करून घ्यायचा, घरी येऊन चिंचेने घासून ठेवायचा. कोणाला कळणार आहे?

मी दुकानात गेलो. वाडगा ठेवला, शेजारी डबा ठेवला आणि झाकण उघडलं. तुपाचा वास दुकानभर सुटला. हमीदने आत पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. मिशा खाली आल्या. त्याने हात पुढे करून टीव्ही बंद केला.

"अबी," तो हळूच म्हणाला, "कोण?"

त्याने झाकणावरच्या नावाकडे बोट दाखवलं होतं. मी म्हटलं, "सासूबाई. बायकोची आई."

"तुझी बायको बरेच दिवस दिसली नाही."

"इंडियाला गेली ना. आईकडेच. अचानक जावं लागलं."

"अरेरे! कशी आहे ती?"

"थकलीय बिचारी. रात्रंदिवस धावपळ, त्यात घरात नातेवाईकांची ही गर्दी!"

हमीदने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाला, "बाशिनिझ साओल्सुन."

मला वाटलं, शिरा बघून म्हणतोय म्हणजे 'अन्नदाता सुखी भव'सारखं काहीतरी असणार. मीही हसून, छातीवर हात ठेवून म्हणालो, "बाशिनिझ साओल्सुन!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाने कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण ते तिखटाने. मी भारावून गेलो. हमीद शिरा काढून घ्यायच्या ऐवजी डबाच उचलून आत घेऊन गेला आणि गिऱ्हाइकांना चमचा चमचा वाटायला लागला. प्रत्येक जण शिरा तोंडात टाकायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि माझ्याकडे बघून मान हलवायचा. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा तर उठून माझ्या खांद्यावर थोपटून गेले! अशा वातावरणात "माझा डबा द्या" असं म्हणणार कसं? आणि आपल्याकडे तसं दिलेलं भांडं मागायचंही नसतं. दिसायला किती हलकं दिसतं ते! मी म्हटलं, उद्या नेऊ.

दुसऱ्या दिवशी गेलो. हमीदने मला पाहिल्याबरोबर टीव्ही बंद केला. रांगेतले लोक बाजूला झाले. मी बास्केट उचलायला गेलो तर ती त्याने माझ्या हातातून काढून घेतली. एका शिऱ्याने केवढा दरारा निर्माण केला होता!

"हमीद, तो डबा…" मी सहज विषय काढल्यासारखं केलं. "डबा छान आहे नाही?"

"डबा माझी जबाबदारी," हमीद छातीवर हात ठेवून म्हणाला. "तू डब्याचा विचारसुद्धा करू नकोस. हे घे. बायकोने पाठवलंय."

मोठ्या ताटात चीज भरलेल्या खमंग पापुद्र्याच्या वड्या होत्या. मी नको नको म्हणालो, तर म्हणाला, "तुला खावं लागेल, अबी. अंगात ताकद राहिली पाहिजे."

डबा आणायला गेलो आणि ताट घेऊन आलो!

ताट रिकामं करायला मी महिपतीला बोलावलं. महिपती आमच्या ऑफिसात दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला लातूरचा पोरगा. एकटा राहतो, आणि भूक मात्र कुटुंबाची. त्याने वड्या संपवल्या, ताट बोटाने पुसलं आणि म्हणाला, "संजीवभौ, टेन्शन कशाला घ्यायलाव? ताट भरून परत द्या, तो डबा भरून परत देतो. हिशोब मिटला."

"ताटात काय देऊ?"

"काहीबी द्या. पण जरा जास्त द्या. म्हंजी तोबी जास्त दील."

मी ताटभर कांदेपोहे नेले. डबा मिळाला नाही. मसूरच्या सुपाचं भलंमोठं पातेलं मिळालं! पातेल्यातून मी साबुदाण्याची खिचडी नेली. हमीदने ती बघितली, चिकट चिकट मणी चिमटीत धरून बघितले, आणि खिन्नपणे मान हलवून मला भाताची परात दिली. परातीएवढं आता काय करायचं? पुन्हा शिराच केला! एकदा वाखाणलेला पदार्थ, म्हटलं, चूक व्हायची नाही. बरोबर आठवडा झाला होता. हमीदने शिरा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "हो. बरोबर. आठवडा झाला. तुमच्याकडेही असतं तर हे."

"असतं म्हणजे? अरे, मी तर दर आठवड्याला करीन!"

 मग त्याने विचारलं, "अबी, तू एकटा असतोस तेव्हा… बरा असतोस ना?"

"एकदम मजेत!" मी म्हणालो. "घर कसं शांत शांत! टोकायला कोणी नाही!"

एवढं बोलून मी शीळ घालत दह्याची बादली घेऊन निघालो. दारात ते पांढऱ्या दाढीचे आजोबा भेटले. तोवर ते तुर्की वाक्य मला तोंडपाठ झालं होतं, म्हणून मी त्यांना खणखणीत आवाजात म्हटलं, "बाशिनिझ साओल्सुन!" आजोबांनी दचकून खिशातून मोबाइल काढला आणि घाईघाईने घरी फोन लावला. मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी विसरलेलं आठवलं असेल.

महिपतीची तब्येत सुधारत होती, माझी बिघडत होती. घरात हमीदच्या भांड्यांची ओळ लागली होती. रोज ऑफिस, रोज पाट्या, रोज संध्याकाळी कुणाच्या तरी भांड्यात घालायला काहीतरी शिजवायचं, आणि डब्याचा पत्ता नाही! मी आडून आडून विचारायचो, हमीद छातीवर हात ठेवायचा. शेवटी मी कठोर झालो. नमिताचा फोन आला होता: ऑपरेशन उत्तम झालं, गुरुवारी येतोय. बुधवारी मी दुकानात जाऊन सरळ म्हणालो, "हमीद, मला डबा हवा. बायको उद्या येतेय. तिला तो दिसला पाहिजे."

हमीदचा चेहरा पुन्हा पडला. "उद्या येतेय? शुक्रवारपर्यंत थांब, इन्शाल्ला. तिला इथेच घेऊन ये. डबा मी तिच्या हातात देतो. माझ्या हाताने."

"पण गुरुवारी…"

"शुक्रवार!" तो म्हणाला, आणि मला बकलावाचा ट्रे दिला.

गुरुवारी सासूबाई आल्या. काळा चष्मा, करड्या रंगाची सुती साडी, ऑपरेशननंतर नजर अशी तेज झालेली की आत येता येताच म्हणाल्या, "संजीवराव, पंख्यावर धूळ आहे." मग थेट स्वयंपाकघरात गेल्या. फळीकडे पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"डबा कुठाय?"

नमिताने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं लग्न पणाला लागलेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कल्हईला दिलाय!"

"कल्हईला?" सासूबाई म्हणाल्या. "इथे?"

"म्हटलं, तुम्ही येताय. आतली कल्हई उडाली होती. कोपऱ्यावरच्या तुर्काकडे दिलाय."

तुम्हाला सांगतो, एवढी सफाईदार थाप मी कंपनीच्या ऑडिटमध्येसुद्धा मारलेली नाही. सासूबाईंचा चेहरा खुलला! "अगं नमे, ऐकलंस का? नाशकात कल्हईवाला शोधून शोधून पाय दुखले माझे, आणि जावयाने इथे वाळवंटात शोधून काढला! उद्या मलाही ने बरं तिकडे. तुझं ते पितळी पातेलंही घे."

रात्रभर मला झोप नाही. शुक्रवारी दुकान बंद असतं असं म्हणून पाहिलं. नमिता म्हणाली, नमाजानंतर उघडतं, तिला माहीत होतं. माझं पोट दुखतं म्हणून पाहिलं. सासूबाईंनी ओवा दिला. शेवटी मी, नमिता, सासूबाई आणि पितळी पातेलं अशी वरात हमीदच्या दुकानात निघाली. वाटेत मी नमिताला म्हटलं, "आत गेल्यावर 'बाशिनिझ साओल्सुन' म्हण. त्यांच्यात नमस्कारासारखं असतं." निदान सुरुवात तरी गोड व्हावी!

दुकान गच्च भरलेलं. हमीदने आम्हाला पाहिलं आणि टीव्ही बंद केला. गल्ल्यामागून बाहेर आला. नमिताला ओळखून त्याने छातीवर हात ठेवला. डोळे भरलेले.

"सिस्टर! बाशिनिझ साओल्सुन!"

"बाशिनिझ साओल्सुन!" नमिता प्रसन्न हसून म्हणाली.

हमीदने माझ्याकडे पाहून उसासा टाकला. "दोघंही सारखेच धीराचे," तो पुटपुटला आणि आत गेला. बाहेर आला तो हातात डबा घेऊन! मऊ पांढऱ्या कापडात बांधलेला. दोन्ही हातांनी त्याने तो नमिताला दिला. सासूबाईंनी तो नमिताच्या हातातून काढून घेतला, कापड सोडलं, झाकण उघडलं आणि आत पाहतच राहिल्या. आत कल्हई! नवी कोरी, आरशासारखी चकचकीत कल्हई!

"माझा मेहुणा घेऊन गेला होता," हमीद सांगत होता. "आमच्या गावी, अँटेपला. आमच्याकडे तांब्यापितळेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्यांचे. आतून भांडं झिजलं होतं, बायकोने पाहिलं. म्हणाली, असंच परत देणं बरं नाही. आज सकाळीच आला तो."

आयुष्यात पहिल्यांदाच माझी थाप खरी निघाली होती! सासूबाई झाकणावरून हात फिरवत होत्या. "संजीवराव," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क मऊ झाला होता, "मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं हो. तुर्कस्तानात पाठवलात डबा! माझ्या पोटच्या पोरानेही केलं नसतं."

मी मान खाली घालून म्हणालो, "आई, एवढं तर केलंच पाहिजे." माझी छाती बादलीएवढी झाली होती. तिथेच दुकान बंद झालं असतं, भूकंप झाला असता, काहीही झालं असतं तर हा किस्सा मी जन्मभर वेगळ्या शब्दांत सांगितला असता.

पण हमीदने विचारलं, "आणि ह्या कोण?"

"माझी आई," नमिता म्हणाली.

हमीदने सासूबाईंकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. पुन्हा सासूबाईंकडे पाहिलं. मग अगदी अदबीने त्याने नमिताला विचारलं, "दुसरी?"

"दुसरी काय? एकच आई आहे मला!"

"मग हे नाव…"

सासूबाईंना इंग्रजी कळत होतं थोडं, पण खाणाखुणा पूर्ण कळत होत्या. त्यांनी झाकणावरच्या नावावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि बजावून म्हणाल्या, "जयमाला. मी."

हमीद तांदळाच्या पोत्यावर बसला! पांढऱ्या दाढीच्या आजोबांच्या हातातून ऑलिव्हची पिशवी सुटली आणि ऑलिव्ह टपटपत थेट चीजच्या फ्रीजखाली गेले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हमीद बोलत होता, नमिता ऐकत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती. तुर्कांमध्ये रव्याचा शिरा करतात. अगदी आपल्यासारखा, तुपात भाजून. पण घरातलं माणूस गेलं की! गेलेल्याच्या नावाने करायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचा. आठवड्याने पुन्हा करायचा. आणि ज्या घरी असा शिरा झाला त्या घरची चूल पेटू द्यायची नाही, शेजाऱ्यांनी आळीपाळीने जेवण पाठवायचं. आपल्याकडे नाही का सुतकाच्या घरी पिठलं-भात पाठवत? तसंच. वड्या, सूप, भात, बकलावा, सगळं त्यातलं. सासूबाईंच्या नावाचा डबा भरून मी शिरा घेऊन गेलो होतो, बायको अचानक आईकडे गेली, घरात नातेवाईकांची गर्दी आहे असं माझ्याच तोंडाने सांगितलं होतं. आणि 'बाशिनिझ साओल्सुन' हे समाचाराला आलेल्याने म्हणायचं असतं. ते मी इतके दिवस गल्लीत दिसेल त्याला हसून म्हणत होतो!

"गेलेल्या माणसाची एवढीच आठवण उरली म्हणून डबा अँटेपला पाठवला," हमीद कळवळून म्हणाला. "मला काय माहीत, त्या…" त्याने सासूबाईंकडे हात केला. "…त्या स्वतः घ्यायला येतील!"

मी सासूबाईंकडे बघायचं टाळत होतो. नमिताने त्यांना सगळं मराठीत सांगितलं. कुठेही काटछाट न करता. मला वाटलं, आता त्या भडकणार, डबा उचलणार, पहिल्या विमानाने नाशिकला जाणार. पण सासूबाई शांतपणे एका खुर्चीवर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि शाळेत चौकशी करायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "विचार त्याला, किती लोकांनी खाल्ला?"

"सगळ्या गल्लीने," हमीद म्हणाला.

"चांगला झाला होता?"

"जरा गुठळ्या होत्या. पण अशा वेळी कोण बोलतं?"

"माझ्याबद्दल काय बोलले लोक?"

"म्हणाले, भली बाई असणार. जावई एवढं करतोय."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं. मला हायसं वाटलं. हसण्यावारी निघालं, म्हटलं. मी हळूच दह्याच्या बादलीकडे सरकत होतो, तेवढ्यात त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"आणि जावई? त्याचं कसं होतं? फार रडला का?"

नमिताने विचारलं. मी हमीदकडे इतक्या आर्जवाने बघितलं की दगडालाही कळलं असतं. हमीदलाही कळलं! त्याने मला धीर देण्यासाठी डोळे मिटून मान हलवली, उठून उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सिस्टर, आईंना सांगा, असा धीराचा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही! एक थेंब नाही! पहिल्या दिवशी हसत होता. दुसऱ्या दिवशी मजेत होता. आठवड्याच्या शिऱ्याला शीळ घालत गेला. मला म्हणाला, घर कसं शांत शांत वाटतं, आता टोकायला कोणी नाही. काय हे काळीज!"

नमिताने शब्दन् शब्द भाषांतर केलं. बारा वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवतेय ती, तिचं भाषांतर फार चांगलं आहे.

सासूबाई उठल्या. पातेलं कल्हईला दिलं, हमीदच्या बायकोला निरोप पाठवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन शांतपणे आपला मुक्काम वाढवला. वर्ल्ड कपची फायनल झाल्याशिवाय आता त्या जात नाहीत. हमीदकडे त्या रोज जातात. तिथे त्यांचा मान मोठा आहे, मेलेलं माणूस परत आलेलं पाहायला लोक पार लांबच्या उम्म सलालहूनसुद्धा येतात. त्याची सगळी भांडी त्यांनीच भरून परत केली. घरही सुरळीत चाललंय.

फक्त संध्याकाळचे कांदे मी चिरायचे, असा नियम झाला आहे. गरज असो नसो, चार मोठे कांदे. सासूबाई डबा शेजारी ठेवून समोर खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं की म्हणतात,

"हं, आता जमायला लागलंय. चिरा, चिरा! वेळेवर पंचाईत नको."